सोळा वर्षांचा कमांडर

आमचा पहिला पिक्चर अकरा मिनिटांचा. २०११ चा मे महिना, मार्कंड्याला वैनगंगा आटून नुसती वाळू उरलेली आणि हातात माझ्या काकाचा बटनांचा मोबाइल. चित्र इतकं फुटायचं की दहा पावलांवरचा माणूस ओळखू यायचा नाही. आम्ही चौघं होतो. दोन पोलीस, एक दलमचा कमांडर आणि चौथा मी: कॅमेरामन, दिग्दर्शक आणि गरज पडली तर प्रेत.

इतर गावची पोरं चोर-पोलीस खेळतात. गडचिरोलीत वाढलेल्या आम्हाला चोराच्या जागी दलम सुचलं, यात आम्हाला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. बंदुका बांबूच्या. कमांडर आमच्यातला सगळ्यात चांगला नट. गोळी लागली की आधी गुडघे टेकायचा, मग हात, मग तोंड वाळूत. तो सीन आम्ही सात वेळा घेतला. सहा वेळा तो पडताना मीच हसलो.

पुढे दर उन्हाळ्यात एक पिक्चर झाला. भुताचा झाला, प्रेमाचाही झाला (हिरोइन शेवटपर्यंत मिळाली नाही, म्हणून ती फक्त पत्रं पाठवते). पण पहिल्याची सर कशालाच नाही. २०१६ मध्ये कमांडर पोलीस भरतीत निघाला, खराखुरा. २०१८ मध्ये मी तो पिक्चर यूट्यूबवर टाकला. कुणाला विचारलं नाही. आपलाच तर होता.

१ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. त्यानंतर काही दिवसांनी त्याचा फोन आला. "काढून टाक ना बे तो पिक्चर." कारण त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण काढायला मी आठ दिवस घेतले, कारण त्यावर लोकांच्या कमेंट येत होत्या आणि मला त्या आवडत होत्या. हे लिहिताना अजून लाज वाटते.

त्या आठ दिवसांत ग्रुपवर भांडण पेटलं. बाकी दोघांचं म्हणणं, पिक्चर चौघांचा आहे, एकाला नको म्हणून आमचंही लहानपण पुसायचं का? मला हे पटत होतं. कायदाही माझ्याच बाजूने निघाला. १९५७ चा कॉपीराइट कायदा निर्मात्याला चित्रपटाचा कर्ता मानतो, आणि पन्नास रुपयांचा रिचार्ज आणि चौघांची भजी यांचा निर्माता मीच होतो.

पण मग आमच्याकडची झाडीपट्टीची नाटकं आठवली. धान निघालं की गावोगाव रात्रभर नाटक चालतं. खलनायक बायाबापड्यांच्या शिव्या खातो आणि उजाडायला आलं की तोंडावरचा रंग पुसून चहा प्यायला बसतो. शिव्या देणाऱ्यांनाही ठाऊक असतं की हा दिवसा धान कापणारा माणूस आहे. नाटकाला सकाळ होते. आमच्या पिक्चरला ती कधी झालीच नाही.

मालेगावचं उदाहरणही मी ग्रुपवर दिलं होतं, स्वतःच्या बाजूने. तिथे नासिर शेख यांनी २००० मध्ये मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला, डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर. पुढच्या 'मालेगाव का सुपरमॅन'चा नायक शफीक यंत्रमागावर काम करणारा, आणि पिक्चर लोकांसमोर येईपर्यंत कॅन्सरने खंगलेला. तो आज नाही, पण उडताना दिसतो. बघा, पिक्चर माणसाला जिवंत ठेवतो, असं मी लिहिलं होतं. नंतर लक्षात आलं की शफीकला उडताना दिसायचंच होतं, लोकांनी बघावं म्हणूनच तो उडाला होता. कमांडर वाळूत पडला तो आम्हा तिघांसाठी. त्याचा होकार तेवढ्यापुरताच होता, आणि मी तो जगभर वाटला.

आमच्या गावाला ज्याचं नाव, त्या मार्कंडेयाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेलं, पोराने पिंडीला मिठी मारली, शंकराने यमाला परतवलं आणि तो कायमचा सोळा वर्षांचा राहिला. लहानपणी हा वर फार भारी वाटायचा. पण मार्कंडेयाला निदान तो हवा होता. आमच्या कमांडरला मी न मागता सोळा वर्षांचा करून ठेवलं, तेही हातात बंदूक देऊन.

शेवटी पिक्चर काढला. मधला मार्ग म्हणून कमांडर कापून एक प्रत करून बघितली. त्यात दोन पोलीस भर उन्हात रिकाम्या वाळूवर गोळ्या झाडतात आणि जिंकल्यासारखे नाचतात. एवढं हसलो आणि मग तीही डिलीट केली. मूळ फाइल मात्र ठेवली. ती ठेवण्याचा तरी हक्क मला आहे का, हे अजून ठरत नाही.

मागच्या महाशिवरात्रीला जत्रेत तो बंदोबस्तावर होता. रात्री उशिरा सुटल्यावर युनिफॉर्मवरच नदीकडे आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो.

"मी पडतो तो सीन आहे का अजून?"

मी फोन पुढे केला. त्याने तो सीन तीनदा बघितला, आवाज बंद करून. मग म्हणाला, "तिसऱ्यांदा पडलो तोच चांगला होता. तू भलताच घेतला." फोन परत दिला, टोपी चढवली आणि देवळाकडे जाता जाता मागे वळून म्हणाला, "टाकू नको पण कुठं."

"नाही टाकत," मी म्हटलं.