कोठाराची किल्ली

इनामगावच्या पांढरीत पुढारी सापडला तो नावावरून नव्हे. तिथल्या लोकांना लिहिता येत नव्हतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव उकरून काढलं. घरं बहुतेक साधी, लहान. मध्यवस्तीत मात्र पाच खोल्यांचं एक घर, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. कडेला पूर अडवायचा बांध आणि पाण्याचा पाट. मोठ्या माणसांना पुरताना घोट्यापासून पाय तोडायची तिथे रीत होती. पण चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेल्या एका पुरुषाचे पाय शाबूत होते. यावरून अभ्यासकांनी ताडलं, की या गावाला कोणी प्रमुख होता, आणि धान्य व पाणी त्याच्या शब्दावर चालत असावं.

पुढारी ओळखायची ही रीत मला पटते. त्याला काय म्हणत होते ते सोडा, त्याच्या ताब्यात काय होतं ते बघा. मुलींच्या शाळेतल्या ‘विद्यार्थिनी नेतृत्वा’ला हीच कसोटी लावून बघू.

आपल्याकडे वर्गाची मॉनिटर कोण होते? बहुधा पहिल्या नंबराची मुलगी. तिने बोलणाऱ्या मुलींची नावं फळ्यावर लिहायची, वह्यांचा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवायचा, पाहुणे आले की पुष्पगुच्छ द्यायचा. बऱ्याच शाळांत आता शालेय मंत्रिमंडळ असतं. मतदान होतं, शपथविधी होतो, मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री होतात आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. या मंत्रिमंडळाकडे खर्चायला दहा रुपये नसतात. स्वच्छतागृहाला कडी नाही हे स्वच्छतामंत्र्याला रोज दिसतं, पण कडी बसवून घेणं तिच्या हातात नसतं. ही मुलगी हुशार असते, कामसू असते, सगळ्यांची लाडकी असते. फक्त कोठाराची किल्ली तिच्याकडे नसते.

किल्ली हातात देऊन पाहिलेली एक जागा इनामगावपासून फार लांब नाही. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलं की केडगाव. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात आणलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी, निराधार मुलींना घेऊन त्या केडगावच्या माळावर आल्या. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मुलींना सांभाळायला पगारी माणसं आणायची कुठून? म्हणून कारभारच मुलींवर सोपवावा लागला. मोठ्या मुलींनी धाकट्यांना सांभाळायचं, शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचं. शेती, विणकाम, तेलघाणा, स्वयंपाक, सगळं बायकांच्या हाती. आणि छापखानाही. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलाचे खिळे केडगावच्या मुलींनी जुळवले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

खिळे जुळवायचे म्हणजे अक्षर उलटं वाचायचं, काना-मात्रा-वेलांटी अचूक बसवायची. चार वर्षांपूर्वी जिला अक्षरओळख नव्हती अशी मुलगी हे काम करत असेल, तर तिची शैक्षणिक प्रगती मोजायला वेगळी परीक्षा कशाला हवी? अभ्यास आणि जबाबदारी अशी दोन खाती तिथे नव्हतीच.

केडगावचं सगळंच गोड मानायचं कारण नाही. तिथला शेवटचा शब्द रमाबाईंचा होता, आणि तो धर्मनिष्ठेत बांधलेला होता. त्याआधी, पुण्यात असतानाच, १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या वादात पालकांनी मुली काढून घेतल्या. रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी पाठिंबा काढला. त्या वादात पालक बोलले, वृत्तपत्रं बोलली, सल्लागार बोलले. मुलींना काय वाटतं, हे विचारायची गरज फारशी कुणाला वाटली नाही. किल्ली दिली तरी तिला दोरी बांधलेली असते, ती अशी.

शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती बाया कर्वे झाली. तिची बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा. ती कर्व्यांच्या संस्थेत आली, थोडं शिकली आणि संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरू लागली. पुढे जेमतेम इंग्रजीच्या बळावर थेट अमेरिकेला गेली. पार्वतीबाईंच्या नावावर मोठी पदवी नाही. पण संस्थेचा पैसा त्यांच्या शब्दावर येत होता, आणि इनामगावच्या हिशेबाने पुढारीपण ते हेच.

उलट बाजू पाहायची तर शिरूरचंच नाव घेतलेल्या बाईंकडे यावं लागेल. बाळूताई खरे, जन्म १९०५. वडील सुधारक विचारांचे. त्यांनी मुलीला हिंगण्याला कर्व्यांच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं. कर्व्यांच्या विद्यापीठातून बाळूताई पदवीधर झाल्या आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. शाळेने अभिमानाने फळ्यावर नाव रंगवावं, असं यश. पण १९३३ मध्ये त्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह काढला, शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं उघड बोलणारा, आणि त्यावर नाव घातलं विभावरी शिरूरकर. पुस्तकाने एवढं वादळ उठवलं, की स्वतःचं नाव घातलं असतं तर मास्तरकी टिकली असती का, हा प्रश्नच आहे. पदवी हातात, पगार हातात, पण स्वतःच्या नावाने बोलायची सोय नाही. गुणपत्रिका आणि अधिकार यांच्यातलं अंतर मराठीत इतकं नेमकं फार थोड्या पुस्तकांनी दाखवलं असेल.

त्याच १९०५ सालची दुसरी मुलगी इरावती. ब्रह्मदेशात जन्मलेली, लहानपणीच पुण्याच्या हुजूरपागेत शिकायला ठेवलेली. ही शाळा १८८४ ची. मुलींना असलं इंग्रजी वळणाचं शिक्षण कशाला, म्हणून टिळकांच्या पत्रांनी तिला विरोध केला होता. इरावती कर्वे पुढे बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असं मांडलं. गुरूला हवं होतं ते न लिहिता मापात आलं ते लिहिलं. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या, ज्या संस्थेने पुढे इनामगाव खणलं तिथेच. ‘नाही’ म्हणायची ही ताकद हुजूरपागेने दिली, की घराने, की त्यांची स्वतःचीच, हे सांगता येणार नाही. शाळा नेहमीच श्रेय घेतात. आपण ते जपून द्यावं.

आता आजचा हिशेब. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलगे. बारावीत ९४.५८ आणि ८९.५१. दरवर्षी ‘मुलींचीच बाजी’ हे शीर्षक छापायचं, हे आता वृत्तपत्रांच्या अंगवळणी पडलं आहे. याच राज्याला आजवर एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, आणि सरपंचबाईंच्या खुर्चीमागे उभे असलेले सरपंचपती आपण सगळे ओळखतो. खुर्ची मिळते, पण कारभार दुसऱ्याच्या हातात राहतो. याची तालीम शाळेत होते, असं माझं मत आहे. दहा वर्षं जिला दुसऱ्याने ठरवलेलं नीट पार पाडण्याबद्दलच शाबासकी मिळाली, तिने एकविसाव्या वर्षी अचानक ठराव मांडावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

पालक म्हणतात, या भानगडीत अभ्यासाचं नुकसान होईल. नेतृत्वाने टक्के वाढतात, असं ठासून सांगणारेही भेटतात. मला दोन्हींत रस नाही. टक्के मुली स्वतःच्या कष्टाने मिळवतच आहेत. त्यासाठी नेतृत्वाचं टॉनिक नको.

आणि पुढारीपण मुलींना शून्यापासून शिकवायचं आहे, असंही नाही. शिरूर तालुक्यात आता उसाच्या फडात बिबट्या असतो. वस्तीवरून रस्त्यापर्यंत येताना थोरली मुलगी धाकट्यांना मध्ये घेऊन चालते. कुणी पुढे, कुणी मागे, कुठे थांबायचं, आज जायचंच नाही, हे ती ठरवते. मोफत पास पिशवीत असतो. एसटी वेळेवर येईल याचा भरवसा नसतो. शाळेच्या फाटकात शिरली की तीच मुलगी हाताची घडी घालून बसते. तिच्या या निर्णयांना शाळेच्या वहीत रकाना नाही.

शिरूर आणि दौंडच्या शाळांच्या संचालकांना आणि मुख्याध्यापकांना म्हणून एक विनंती. येत्या जूनमध्ये मुलींचं मंत्रिमंडळ नेमाल, तेव्हा त्याच्या हाती थोडे पैसे द्या आणि त्याचा हिशेब त्यांनाच मांडू द्या. स्वच्छतागृहाची कडी त्यांनाच बसवून घेऊ द्या. संध्याकाळच्या एसटीची वेळ बदलून हवी असेल तर आगारप्रमुखांना पत्र मुलींनी लिहावं, मुलींच्या सह्यांनी जावं, आणि उत्तरही त्यांच्याच नावाने यावं. त्या पत्राखाली मुख्याध्यापकांची सही नको.