घर कोणाचे?

येरुशलेममध्ये याफो रस्त्याजवळ तिखो यांचे जुने दगडी घर आहे. एकोणिसाव्या शतकात शहराच्या तटाबाहेर नशाशिबी या अरब घराण्याने ते बांधले. पुढे मोझेस शापिरा हे पुराणवस्तूंचे व्यापारी तेथे राहिले. 1924 मध्ये नेत्रवैद्य डॉ. अब्राहम तिखो व त्यांच्या पत्नी, चित्रकार ॲना तिखो यांनी ते विकत घेतले. खाली दवाखाना, वर संसार. त्या काळी खुपऱ्यांनी कित्येकांची दृष्टी जाई. डॉक्टरांकडे ज्यू येत तसे अरबही येत. 1929 मध्ये त्यांच्यावर सुऱ्याने हल्ला झाला. बरे होताच ते पुन्हा रोगी तपासू लागले. ॲनाबाई 1980 मध्ये वारल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे घर इस्राएल म्युझियमकडे गेले व डागडुजी होऊन 1984 मध्ये सर्वांसाठी उघडले.

आता हे घर कोणाचे म्हणावे? बांधणाऱ्याचे, राहणाऱ्याचे, की ज्याच्या हाती खरेदीखत त्याचे?

तेथल्या बागेत बसून पक्षी पाहताना हा प्रश्न मनात येतो. इकडच्या बुलबुलाच्या डोळ्याभोवती पांढरे कडे असते, जणू चष्माच! तो झुडपात घरटे बांधतो, पिल्ले उडाली की सोडून जातो. आपली साळुंकी मात्र निराळी. पिंजऱ्यांतून सुटलेल्या साळुंक्या 1990 च्या दशकाच्या अखेरीस तेल अवीवमध्ये दिसू लागल्या व देशभर पसरल्या. झाडांच्या ढोल्यांतून त्या इकडच्या पक्ष्यांना हुसकावतात. बाहेरून येणे हा दोष नव्हे, आपणही आलोच. आल्यावर शेजाऱ्याला जागा ठेवतो की नाही, हे महत्त्वाचे.

वॉर्डातला रोगी "माझी खाट" म्हणतो. त्याने तसे म्हणावेच, नाहीतर त्याला झोप कशी लागेल? पण तो बरा झाला की आम्ही चादर बदलतो व दुसरा येतो. घराचेही असेच आहे. याचा अर्थ कोणी कोणाचे हिसकावून घ्यावे असा नव्हे. पण हक्काने मिळालेले घरसुद्धा आपल्याकडे सांभाळायलाच असते.

आपल्यापैकी अनेकांची घरे अलिबाग, पेण, रेवदंड्याकडे राहिली. त्यांची आठवण येते व यावीही. परंतु तेथे आज कोणी दिवा लावीत असेल, अंगणातल्या झाडाला पाणी घालीत असेल, तर ते घर आपण गमावले असे मला वाटत नाही. तिखो दांपत्याचे घर टिकले ते भिंतींच्या डागडुजीने खरे, पण त्याआधी त्याचे दार परक्यासाठी उघडे होते. नातवंडांना एकदा तेथे न्या, आणि वारसाहक्काच्या गोष्टी निघण्यापूर्वी त्यांना ही गोष्ट सांगा.