दुमडलेलं मूळ



आजच्या चिंतनाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोक घेतला आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो पाठ असतो. अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, हा त्याचा अर्थही ठाऊक असतो. मी मात्र या श्लोकाचा एकदा चक्क पळवाट म्हणून वापर केला होता. तीच गोष्ट आज सांगते.

पदवी झाली आणि नोकरी मिळेना, तेव्हा पुण्याबाहेरच्या एका रोपवाटिकेत मी कामाला लागले. अगदी पहिल्या पायरीचं काम. माती चाळायची, त्यात शेणखत आणि वाळू मिसळायची, काळ्या पिशव्या भरायच्या, झारीनं पाणी घालायचं. काही दिवसांनी रोपं पिशवीत लावायला दिली. ताम्हण, कदंब यांचं बी बारीक असतं, म्हणून ते आधी वाफ्यावर पेरतात. रोप बोटभर झालं की अलगद उचलायचं, पिशवीतल्या मातीत काडीनं भोक पाडायचं, मूळ सरळ खाली सोडायचं आणि माती दाबायची. एवढंच.

पण या एवढ्यातच मेख आहे. भोक उथळ पडलं तर मूळ खाली न जाता दुमडून वर वळतं. वरून काही कळत नाही. पानं फुटतात, रोप हिरवंगार दिसतं. दुखणं बाहेर येतं ते पुढे कधीतरी. झाडाची जमिनीत पकड बसत नाही, वाढ खुंटते, नाहीतर एखाद्या वादळात ते आडवं होतं. तोवर ते कुणाच्या हातानं लावलं होतं, हे कोण विचारणार?

मला शिकवणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरी, भोक खोल पाड. मूळ मुडपलं तर झाड जन्मभर लंगडं."

दिवसाला 500 पिशव्या व्हायला हव्यात, नाहीतर मजुरी कापली जायची. दुपारनंतर कंबर मोडून यायची आणि माझी भोकं उथळ पडू लागायची. मला ते कळत होतं. चुकून झालं, असं मी आजही म्हणू शकत नाही.

जूनमध्ये गाडी भरताना एक पिशवी फाटली. माती गळून पडली आणि मूळ दिसलं. वळलेलं. नळाजवळची ती ओळ माझी होती, आणि तिच्यातली बरीच रोपं आदल्या आठवड्यात एका गाडीतून गेलीही होती. मावशींनी मुळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता पुढची पिशवी उचलली.

त्या रात्री मी गीता उघडली ती याच श्लोकावर. मनाला म्हटलं, फळ आपल्या हातात कुठे असतं? पाऊस, माती, गुरं, सगळं त्याच्या हाती. आपण लावलं, विषय संपला. ऐकायला छान वाटलं, पण झोप काही लागेना.

मग पानं उलटता उलटता अठराव्या अध्यायातल्या 25व्या श्लोकावर आले. परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपली कुवत यांचा विचार न करता मोहानं केलेलं कर्म भगवंत तामस म्हणतात. म्हणजे फळावर हक्क सांगू नको म्हणणारी गीताच परिणामांकडे बघ असंही सांगते. हे जुळायचं कसं?

विचार करताना लक्षात आलं, की मी ज्याला अनासक्ती म्हणत होते ती अनासक्ती नव्हतीच. मूळ दुमडलं ते कशामुळे? 500चा आकडा आणि मजुरी यांच्या ओढीनं. माझ्या फळाला मी घट्ट धरून होते, आणि सोडून दिलं होतं ते फक्त झाडाचं भलं. गीता नेमकं याच्या उलट सांगते: स्वतःला काय मिळेल ते सोड, हातातलं काम सोडू नकोस. झाड वाढेल की नाही हे माझ्या हातात नव्हतं. मूळ सरळ सोडणं पूर्णपणे माझ्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकादमांना सांगितलं. ते चिडले आणि माझी मजुरी कापली. उरलेल्या ओळीतली रोपं मी आणि मावशींनी तपासली. बरीच टाकून द्यावी लागली. गेलेल्या रोपांचं मात्र काहीच करता आलं नाही. ती कुठे लागली, हे मला आजही ठाऊक नाही. मे महिन्यात रस्त्याकडेला ताम्हण जांभळा फुललेला दिसला की आधी आनंद होतो आणि लगेच काळजात बारीकशी कळ येते. ती कळ जाऊ नये, असंच आता वाटतं.

संत सावता माळी यांना अरणच्या मळ्यातच विठ्ठल भेटला, असं आपण ऐकत आलो. काम हीच पूजा, हे स्टेटसला ठेवणं सोपं आहे. पण वाफा जर देऊळ असेल, तर दुमडलेलं मूळ हा शिळा नैवेद्य झाला.

आता मी ऑफिसात बसते. इथेही उथळ भोकं पाडता येतात: न वाचता पुढे ढकललेली फाइल, न तपासता भरलेला आकडा. वरून सगळं हिरवं दिसतं.

आज एक करूया. कुणीही तपासणार नाही असं एक काम निवडूया, आणि त्याचं मूळ सरळ सोडूया. पुढचं पांडुरंगावर.

जय हरी!