आईचं चिपटं

अंगणवाडीत मुलांची वजनं करणं हे माझं काम. काटा शून्यावर आणायचा, रडणाऱ्या पोराला थोपटायचं, आकडा लिहायचा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं लिहिली, पण स्वतः कधी काट्यावर चढले नाही. गेल्या वर्षी गुडघ्यानं बसवलं तेव्हा डॉक्टरांनी चढवलं. उंची पाच फूट, वजन ६८ किलो. साखर वाढलेली, रक्तदाबही.

गोळ्या महिन्याला अकराशेच्या. महात्मा फुले योजनेचं कार्ड घरात आहे, पण ते भरती झाल्यावर कामाला येतं. रोजच्या गोळ्या पदरच्याच. वर्षाचे तेरा हजार दोनशे रुपये. आमच्या घरात एवढ्यात लेकीच्या कॉलेजची फी भागते. वहीत तो आकडा लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं, की हा प्रश्न नुसता दवाखान्याचा नाही. पाप कशाला म्हणायचं, पुण्य कशाला म्हणायचं, तिथवर तो जातो.

कारण मी चमचमीत खाऊन जाड झाले नव्हते. मी उरलेलं खात होते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर माझं पान. पातेल्याच्या तळाचा भात, नातवानं अर्धी टाकलेली भाकरी, वाटीभर आमटी. पोट भरलेलं असायचं, तरी हात थांबायचा नाही. अन्न टाकलं तर पाप लागतं, हे माझ्या हाडात भिनलेलं.

ते कुठून आलं हे मला ठाऊक आहे. माझा जन्म माण तालुक्यातला, १९७३ सालचा. बहात्तरच्या दुष्काळात मी आईच्या पोटात होते आणि आई खडी फोडायला जात होती. मिलोच्या लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर तिनं ते दिवस काढले. तिच्या हातून दाणा खाली पडला तर ती तो उचलून कपाळाला लावायची. अशा बाईच्या लेकीला ताटातलं टाकायला कोण शिकवणार?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल मी एका प्रशिक्षणात ऐकलं. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपली बाळं बारीक दिसत असली, तरी चरबी त्यांनी राखून ठेवलेली. कमी पडले ते स्नायू. आईच्या पोटात उपासमार सोसलेलं शरीर पुढं साठवत राहतं, आणि भरपूर मिळायला लागलं की साखरेच्या वाटेला लागतं. ऐकताना मी नकळत स्वतःच्या कमरेवर हात ठेवला.

आपल्याकडं कर्माचे भाग सांगतात. संचित म्हणजे मागचं साठलेलं, क्रियमाण म्हणजे आज हातानं घडतं ते. माझ्या कमरेत बहात्तर सालचं संचित आहे. म्हणून कुणा जाड माणसाला ‘तोंड आवरत नाही’ असं हिणवलेलं मला सहन होत नाही. पण रात्री पातेलं खरवडणारा हात माझा होता, आणि त्याला मी त्याग म्हणत होते. चार मुठी भात वाया जाऊ नये म्हणून पोटात घालायचा, आणि त्याच भातापायी मेडिकलवाल्याला पैसे मोजायचे! अन्नाचा मान त्यात कुठं राहिला? भूक नसलेल्या पोटात गेलेलं अन्नही वायाच गेलं. शिवाय त्या त्यागाचा खर्च लेकीच्या फीतून निघत होता.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही असं सांगितलंय, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. ज्ञानोबांनी तिथं आहाराबद्दल बोलताना मापाचाच शब्द वापरलाय. तो वाचला आणि मला माळ्यावरचं आईचं पितळी चिपटं आठवलं.

खाली काढलं, चिंचेनं घासलं. तोवर मी तांदूळ अंदाजानं घ्यायचे, आणि अंदाज नेहमी भीतीकडं झुकायचा: कमी पडलं तर? आता माप चुलीच्या आधी होतं. माणसी किती ते ठरलं, भाकरी मोजून थापल्या जाऊ लागल्या. पातेल्यात उरतच नाही, मग टाकायचं काय आणि गिळायचं काय? संध्याकाळी ओढ्यापर्यंत चालून येते. अकरा महिन्यांत सहा किलो उतरले. एक किलो वजन घटलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलोंचा भार उतरतो, असं डॉक्टर म्हणाले. जिना चढताना ते पटतं. त्यांनी एक गोळी बंद केली, एक निम्म्यावर आणली. खर्च सहाशेवर आला. वाचलेले पाचशे मी लेकीच्या नावानं पोस्टात टाकते.

परवा आई आली होती. मी तांदूळ मोजताना शेजारी येऊन बसली. चिपट्यावर शीग आली होती. माझ्या मनात आलं, आता म्हणेल, राहू दे, शीग मोडू नको. तिनं तळहात फिरवून माप सपाट केलं, वरचे दाणे वेचून डब्यात परत टाकले आणि म्हणाली, “हे उद्याला.”