चौथा अध्याय कुणी वाचायचा?

हसू नका. पेपरात योनाचा मासा सगळ्यांनी झकास रंगवलाय. तीन दिवस, तीन रात्री, सगळं पाठ. आणि पुढं? बायबलातलं योनाचं पुस्तक चार अध्यायांचं, तुमची उत्तरं मात्र दुसऱ्यातच किनाऱ्याला लागली.

देवानं पाठवलं असताना योना निनवेला न जाता तार्शीशच्या जहाजात का चढला? ‘भीतीनं’, अर्ध्या वर्गानं लिहिलंय. कुठं वाचलंत हे? तो देवाला तोंडावर सांगतो की तू दयाळू आहेस, निनवेकरांना सोडून देशील हे ठाऊक होतं, म्हणूनच पळालो. निनवे अश्शूरांचं शहर. याच अश्शूरांनी पुढं ख्रि.पू. 722च्या सुमारास इस्राएलचं राज्य बुडवलं. योनाच्या रागाला निदान काही कारण होतं. तुमच्या? कित्येक वर्षांनी दारू सोडून चर्चमध्ये आलेला तो माणूस गेल्या रविवारी प्रभुभोजनाला पुढं गेला, तर मागच्या बाकावर खुसखुस! त्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं?

माशाच्या पोटातून योनानं धावा केला, सुटका झाली, तेव्हा दया गोड लागली. निनवेचा राजा राखेत बसला, गुरांनासुद्धा गोणपाट नेसवलं, देवानं हात आवरला, तर हे महाशय मरण मागतात! वर शहराबाहेर मांडव घालून बसले, आता याचं काय होतंय ते बघत. देवानं सावलीला वेल उगवला, स्वारी खूश. पहाटे किड्यानं तो खाल्ला, की पुन्हा मरणाची मागणी. ना लावला, ना वाढवला, त्या वेलासाठी एवढा जीव तुटतो. मग देव विचारतो, ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं तिथं आहेत, त्यांची मला कीव येऊ नये? शिवाय गुरंढोरं. त्या गुरांचा उल्लेख तुमच्यापैकी एकानंही केला नाही.

लूकच्या पंधराव्या अध्यायात, उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला भाऊही असाच बाहेर फुगून उभा होता. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर आला, म्हणून तुमच्या बाबतीत मी आशा सोडलेली नाही. पण लाड पुरे.

देवाच्या त्या प्रश्नाला योनानं काय उत्तर दिलं ते पुस्तकात नाही. तुमचं उत्तर मला हवंय. रविवारी वहीत लिहून आणा. आणि तो माणूस आला, तर उठून त्याला शेजारी जागा द्या.