सहस्रकुंडाचा नाद

नांदेड जिल्ह्यात इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या कातळावरून अनेक धारांनी कोसळते. त्या स्थळास सहस्रकुंड म्हणतात. पलीकडला तीर यवतमाळ जिल्ह्याचा. लोक पावसाळ्यात तेथे हौसेने जातात, आणि जावे. मात्र शेवाळलेल्या खडकावर उतरणे हे धैर्य नव्हे.

बेचाळिसाव्या स्तोत्राच्या कर्त्यानेही धबधब्यांचा नाद ऐकला होता. हर्मोनाच्या डोंगराळ प्रदेशात तो मंदिरापासून दूर पडला होता. ते स्तोत्र आम्ही तहानेचे म्हणून वाचतो. परंतु त्यात पाणी दोनदा आले आहे. प्रारंभी हरिणीस ते मिळत नाही, आणि पुढे त्याचेच लोंढे कर्त्याच्या डोक्यावरून जातात. तहानलेला तोच, बुडणाराही तोच.

आम्हां मराठवाड्याच्या लोकांस हे समजावून सांगावयास नको. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातुरास पिण्याचे पाणी आणावे लागले; 2021 च्या सप्टेंबरात मांजरेच्या पुराने त्याच जिल्ह्यातील उभे सोयाबीन बुडविले. अशा घरी गेलेल्या उपदेशकाने ‘देवाची इच्छा’ एवढे बोलून लागलेच उठू नये. स्तोत्रकर्त्याने ते लोंढे देवाचेच म्हटले खरे, पण त्याच श्वासात, माझा विसर का पडला, असे देवालाच विचारले. शेतकऱ्यानेही तसे विचारले तर त्यास अविश्वासी कोणी म्हणावे? त्या स्तोत्रात उत्तर मिळाल्याचे लिहिलेले नाही. रात्री त्याच्याजवळ गीत होते, एवढे लिहिले आहे.