पोचा आलेला तांब्या

शंका : मी मँचेस्टरला राहते. माहेर औसा तालुक्यातलं. 1993 च्या भूकंपात मी आठ वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून आम्ही उशिरा निजलो. पहाटे आजीने मला ओढत अंगणात आणलं. धाकटा काका आतच राहिला. पुढे आजी कधी छताखाली निजली नाही. म्हणायची, ‘पाप वाढलं की धरणी हलते.’ यंदा मागच्या अंगणात बादलीत शाडूचा गणपती विसर्जन करताना मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘काकाने काय पाप केलं होतं? बाप्पा गेला म्हणून झालं का?’ मी गप्प. आजीला खोटं पाडू का? तिचा ढिगाऱ्यातून निघालेला तांब्या अजून माझ्या देवघरात आहे.

समाधान : मुलाचा पहिला प्रश्न आधी घेऊ. काकाने काहीही केलं नव्हतं. 30 सप्टेंबरला पहाटे 3:56 ला धरणी हलली तेव्हा माणसं दगडमातीच्या जाड भिंतींआड, माळवदाखाली झोपेत होती. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती अंगावर आली. सुमारे 10 हजार माणसं गेली. कुडाच्या, हलक्या छपराच्या घरांत तुलनेने जास्त वाचली. पापपुण्याचा हिशेब कुणी भिंतीच्या जाडीवर ठेवत नाही.

1934 च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली. मी रवींद्रनाथांच्या बाजूचा.

पण तुमची आजी काही सिद्धान्त मांडत नव्हती. तुमचं पत्र पुन्हा वाचा. तिने तुम्हाला ओढलं, काका आत राहिला. काका तिच्या पोटचा. दोन हातांत एकच मावलं, हे त्या माउलीने ठेवायचं कुठे? मला वाटतं, तिने त्याला पाप हे नाव दिलं. गेलेल्यांना ती काही म्हणत नव्हती, स्वतःलाच म्हणत होती. तुमच्या मँचेस्टरमध्ये 22 मे 2017 च्या स्फोटात 22 जण गेले. तिथे गुन्हेगार होता, तरीही ‘तिकीट मीच काढून दिलं’ हे एखाद्या आईच्या मनातून गेलं नसेल? भूकंपात तर बोट दाखवायलाही कुणी नसतं. मग ते स्वतःकडेच वळतं.

म्हणून आजीला खोटं पाडू नका, पण तिचं वाक्य मुलाला वारशात देऊ नका. तिने ओढलेला हात द्या.

बाप्पाचं म्हणाल, तर उत्तरपूजेने आपण मूर्तीत आवाहन केलेल्या देवत्वाला निरोप देतो. देव जगातून उठून जात नाही. अर्थात हे शास्त्र झालं. ‘मग त्याने थांबवलं का नाही?’ असं मुलगा विचारेल, तेव्हा ‘मला माहीत नाही’ म्हणा. मलाही माहीत नाही, आणि हे सदर मी बरीच वर्षं लिहितो आहे.

तो तांब्या देवघरातून काढून एकदा त्याच्या हातात द्या. पोचा कशाने आला, हे तो विचारेलच.